अकरा महिन्यांचा आरसा

नागपुरात भाड्याचं घर बघायला गेलं की मी आधी भिंती बघते. मनीषनगर असो की त्रिमूर्तीनगर, बेडरूममध्ये कुठेतरी एक मोठा चौकोन असतोच, रंगाचे पोपडे निघालेला, मधेमधे सिलिकॉनचे वाळलेले गोळे, आणि लगेच कळतं की आधीच्या भाडेकरूचा आरसा इथे होता नि जाताना प्लास्टर सोबत घेऊन गेला.

ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आणि आरसा मात्र जन्मभरासाठी, हे गणित मला काही जमत नाही. सुताराला विचारा, तो म्हणणार, "कायले टेन्शन घेता ताई, सिलिकॉन मारून चिपकवून देतो न, तुमचे नातू पाहतील याच्यात तोंड." अरे बाबा, नातवांचं सोड, पुढची दिवाळी याच घरात होईल की नाही तेच ठरलेलं नाहीये!

आणि आरसा काय हलका असतो का. १ चौरस मीटर काच १ मिलिमीटर जाड असली तरी अडीच किलो भरते, म्हणजे सहा बाय तीन फुटांचा ५ मिलिमीटरचा आरसा नुसता २१ किलोच्या आसपास, मागचा प्लाय नि फ्रेम वेगळीच. एवढं ओझं डबल टेपवर लटकवून, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना, तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीखाली निवांत झोपणाऱ्यांना माझा नमस्कार, कारण गरमीत टेपचा गोंद सैल पडतो.

सिलिकॉनची तर अजून एक भानगड आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आरशाच्या पाठीला लावायचं नसतं. १८३५ मध्ये जर्मनीतल्या लीबिग नावाच्या केमिस्टने काचेवर चांदीचा थर चढवायची रीत काढली, आजही चांगल्या आरशाच्या पाठीला चांदीच असते, आणि तो वास म्हणजे ॲसिड, ते पाठीवरचा रंग भेदून त्या चांदीला काळं करतं. न्यूट्रल सिलिकॉन मागायचं. आणि चिकटवायचंच असेल तर आरसा प्लायला चिकटवा ना, भिंतीला कशाला?

मला आवडलेली रीत म्हणजे फ्रेंच क्लीट. नाव भारी आहे, काम अगदी साधं. लाकडाची एक पट्टी लांबीत ४५ अंशात तिरपी चिरायची, झाले दोन तुकडे. एक भिंतीवर, टोकदार कड वर आणि उतार भिंतीकडे, म्हणजे भिंत नि पट्टीमध्ये खाच तयार होते. दुसरा आरशामागच्या प्लायवर उलटा, तो त्या खाचेत बसतो. ना गोंद ना टेप, वजन जितकं जास्त तितका आरसा भिंतीकडे ओढला जातो. खाली त्याच जाडीची एक पट्टी द्यायची, नाहीतर आरसा तिरपा बसतो आणि माणूस बुटका दिसतो की उंच, यावर घरात वाद सुरू होतात. वर एखाद-दीड इंच जागा मोकळी सोडायची, कारण काढताना आधी वर उचलावा लागतो. हे विसरून वर पीओपीला टेकवलेला आरसा मग कुणाच्या बापाला निघत नाही.

पट्टीच्या स्क्रूची भोकं मात्र विटेपर्यंत गेली पाहिजेत, नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू धरणारी गिट्टी ठोकून २१ किलो तोलणं म्हणजे देवाचं नाव घेणं. पट्टी पाणसळ लावूनच मारायची. मागे जी फट राहते तिचा अजून एक फायदा, नागपुरात चार महिने कूलर चालतो, खोलीभर ओल, आणि भिंतीला चिकटलेल्या आरशाच्या कडांना काळे डाग पडायला ती ओल पुरते. फटीतून हवा खेळती राहते, पाठ कोरडी राहते.

आता घरमालक. "भिंतीले खिळे-बिळे नाही ठोकाचे हं," हे चावी देतानाच सांगितलेलं असतं. तर आधीच विचारून घ्या, काका, आठ-दहा भोकं पाडते, जाताना पुट्टी भरून रंगाचा हात मारून देते, चालेल का. चौकोनभर पोपड्यांपुढे आठ-दहा भोकं म्हणजे काहीच नाही, पण काकांना हे पटवताना फ्रेंच वगैरे शब्द काढू नका, भाडं वाढवतील.