ड्रमसेट ऐकताना: नाद किती वेळ टिकतो?

ड्रमसेटची ओळख करून देताना कोणत्या ड्रमचा आवाज जाड आणि कोणाचा बारीक, एवढेच बहुधा सांगितले जाते. माझ्या मते मात्र प्रत्येक नाद किती वेळ टिकतो आणि तो कशाने थांबतो, याकडे कान दिला की हे वाद्य अधिक नीट उमगते.

जमिनीवर आडवा ठेवलेला बेस ड्रम पायाच्या पेडलने वाजतो. रॉकमध्ये तो साधारण २२ इंचांचा असतो आणि आत उशी किंवा घोंगडी ठेवल्यामुळे त्याचा आवाज ‘धप्प’ होऊन जागीच विरतो. जॅझमधला १८ इंचांचा बेस ड्रम पुष्कळदा मोकळाच ठेवतात, त्यामुळे तो घुमतो. टॉम हे मधले ड्रम. त्यांचे काम मुख्यतः मधल्या मोकळ्या जागा ठोक्यांनी भरण्याचे, आणि त्यांची गुंज लांबली तर पुढची मात्रा गढूळ होते.

खरी करामत स्नेअरमध्ये आहे. या १४ इंची ड्रमच्या खालच्या पातळ पडद्याला पिळदार धातूच्या तारांची पट्टी टेकलेली असते. वरच्या पडद्यावर काठी पडली की आतली हवा दाबली जाते, खालचा पडदा हलतो, तारा उडतात आणि परत आपटतात. त्यातून तो ओळखीचा कर्रर्र येतो. बाजूचा खटका पाडून तारा सैल केल्या की तोच ड्रम टॉमसारखा पोकळ बोलू लागतो. तारा लावलेल्या असताना शेजारी कोणी बेस गिटार छेडली, तरी स्नेअर आपणहून कुरकुरतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हा उपद्रव फार जाणवतो.

डाव्या पायाच्या ताब्यातल्या हाय-हॅटच्या दोन झांजांना मी सर्वांत बोलके अंग मानतो, आणि श्रोत्यांचे तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष असते, हेही खरे. पेडल दाबून काठी मारली की कोरडा ‘टिक्’, पाय किंचित सैल सोडला की सळसळता ‘त्स्स’, आणि काठीविना नुसता पाय आपटला की ‘छिक्’. १९२० च्या दशकात ही जोडी घोट्याएवढ्या उंचीवर असे आणि केवळ पायाने वाजे. दांडा लांबवल्यावर ती काठीच्या टप्प्यात आली.

मोठ्या झांजा बहुधा ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील यांच्या काशाच्या असतात. त्यांतल्या राइड या झांजेच्या पृष्ठभागावर काठीचे टोक टेकवले की मागच्या गुंजेतूनही प्रत्येक ‘टिंग’ सुटा ऐकू येतो. म्हणूनच १९४० च्या दशकात जॅझ ड्रमवादक केनी क्लार्क यांनी लय धरण्याचे काम बेस ड्रमकडून राइडकडे आणले आणि पायाला अवचित ठोक्यांची मोकळीक मिळाली. क्रॅश ही दुसरी झांज राइडहून पातळ असल्याने एकदम फुटते आणि ओसरते. तिचा नाद मध्येच तोडायचा असल्यास वादक कडा मुठीत पकडतो. तिच्यावर काठी तिरकी, निसटती मारावी लागते, कारण कडेवर सरळ घाव घालत राहिल्यास काशाला तडा जातो.