दुकानाबाहेरचा लाकडी माणूस
आज लेकीच्या प्रोजेक्टसाठी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या साइटवर चित्रं शोधत होते आणि एका वॉटरकलरवर अडकलेच. पूर्वी अमेरिकेत तंबाखूच्या दुकानाबाहेर लाकडाचा कोरलेला 'इंडियन', म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, उभा करायचे, त्याचं चित्र. 1935 पासून, मंदीत हाताला काम नसलेल्या चित्रकारांना सरकारने पगार देऊन जुन्या वस्तू हुबेहूब रंगवायला लावल्या, अशी जवळपास 18,000 चित्रं झाली, त्यातलंच हे. काय हात असतो हो एकेकाचा! लाकडाला गेलेली उभी चीर, गालावरचा उडालेला रंग, सगळं ब्रशने.

पण चेहरा बघत राहिले आणि गलबलून आलं, कारण तो चेहरा कुणाचाच नाही. 17व्या शतकात इंग्लंडमध्ये अशा मूर्ती करणाऱ्यांनी तर बहुतेक असा माणूस कधी बघितलाही नसेल, कमरेला तंबाखूच्या पानांचा घागरा घातला की झाला इंडियन! शेकडो जमाती, शेकडो भाषा, आणि उरलं काय तर पिसं आणि हातात सिगारची जुडी. ज्या तंबाखूला त्यांच्यातले कितीतरी लोक पवित्र मानतात, तोच विकायला त्यांनाच दारात उभं केलं.

आणि मी चौथीत गॅदरिंगला पुठ्ठ्याची पिसं लावून, तोंडावर हात मारत 'रेड इंडियन' म्हणून नाचले होते, आईने कौतुकाने फोटो जपलाय. आज तो फोटो आठवून खरंच वाईट वाटलं.

लेकीने विचारलं, "आई, ह्याचं नाव काय होतं?"