पेनचं वरचं बटण: लिनक्सवर ड्रॉइंग टॅबलेट चालता करण्याच्या वाटेचा वृत्तांत

आधी निकाल सांगतो. टॅबलेटचं पेन पूर्ण चालतं आहे. त्यासाठी कर्नेल (लिनक्सचा गाभा) नव्याने बांधावं लागलं नाही, बाहेरचं मॉड्यूल कंपाइल करावं लागलं नाही आणि उत्पादकाचा बंदिस्त ड्रायव्हरही बसवला नाही. एक छोटा बीपीएफ प्रोग्रॅम, म्हणजे चालत्या कर्नेलमध्ये तपासून आत घेतला जाणारा प्रोग्रॅम, पुरला. ज्यांना हीच वाट चालायची आहे त्यांच्यासाठी वाटेतले फाटे इथे लिहून ठेवतो.

टॅबलेट माझ्या ताईचा. ती दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते, शीर्षकांची अक्षरं हाताने घडवते. फेडोरा लिनक्स, वेलँड (पडदा सांभाळणारी प्रणाली) आणि चित्रं काढायला क्रिता असा तिचा संसार आहे. टॅबलेट जोडल्याबरोबर रेघ उमटली, दाबही कळला. अडलं ते पेनच्या वरच्या बटणाशी. कॅनव्हास सरकवायला ते तिला हवं होतं, पण दाबलं की ब्रश जाऊन खोडरबर यायचा. सेटिंगमध्ये ते बदलायची सोयही नव्हती, कारण पेनला दुसरं बटण आहे हेच प्रणालीला माहीत नव्हतं. विंडोजच्या पेन-मांडणीत एक बटण आणि एक खोडरबर एवढंच धरलेलं आहे. त्यामुळे ज्या पेनांना दोन बटणं असतात पण मागे रबर नसतो, त्यातली बरीच पेनं दुसऱ्या बटणाला खोडरबर म्हणून पुढे करतात.

इथे पहिला सल्ला: काहीही बसवण्याआधी टॅबलेट स्वतः काय सांगतो ते ऐका. प्रत्येक हिड उपकरण (कीबोर्ड, माउस, टॅबलेट असं माणसाने हाताळायचं उपकरण) जोडल्यावर स्वतःचं वर्णन पाठवतं, त्याला रिपोर्ट डिस्क्रिप्टर म्हणतात. ‘हिड-टूल्स’ हे पायथॉनचं पॅकेज घ्या आणि त्यातला ‘हिड-रेकॉर्डर’ सुडो लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा. तो उपकरणांची यादी देतो. एकाच टॅबलेटच्या दोन-तीन नोंदी दिसतील, कारण पेन, कीबोर्ड आणि माउस असे वेगवेगळे इंटरफेस तो दाखवतो. पेनची नोंद निवडा. चुकून तुमचा खरा कीबोर्ड निवडलात तर दाबलेली प्रत्येक कळ, पासवर्डसकट, नोंदली जाईल आणि ती फाइल पुढे तुम्ही इतरांना पाठवणार आहात. नोंद नीट बघूनच निवडा.

डिस्क्रिप्टर म्हणजे नुसती बाइट्सची रांग, आकडे षोडशमान पद्धतीतले (१० ते १५ साठी ए ते एफ). तिला घाबरू नका, ‘हिड-डिकोड’ तिचा अर्थ ओळीओळीने मांडतो. सुरुवातीला ‘०५ ०डी ०९ ०२’ दिसलं की समजा हे डिजिटायझर पानावरचं (हिडच्या कोष्टकातल्या पेन-टॅबलेटच्या विभागातलं) पेन आहे. दाबाच्या ओळीपाशी ‘२६ एफएफ १एफ’ असेल तर ती कमाल मर्यादा आहे. बाइट उलट्या क्रमाने वाचायचे, म्हणजे १एफएफएफ, दशमानात ८१९१. शून्यापासून मोजलं की खोक्यावरच्या ८१९२ पातळ्या जुळतात. आम्हाला हवा होता तो भाग बटणांच्या रांगेत होता: ‘०९ ४२’ टोक, ‘०९ ४४’ खालचं बटण आणि ‘०९ ४५’ खोडरबर. सगळं दुखणं त्या ४५ मध्ये. दुसऱ्या बटणासाठी हिडच्या कोष्टकात वेगळा आकडा आहे, ५ए.

आता पेन फिरवत घटना पाहिल्या. रिपोर्टमधला दुसरा बाइट स्थिती सांगतो. पेन हवेत धरलं की २०, टोक टेकलं की २१, खालचं बटण दाबलं की २२, वरचं दाबलं की २४. इथे ताईनेच एक गोष्ट पकडली. टोक टेकलेलं असताना वरचं बटण दाबलं तर २१ नंतर थेट २५ येत नव्हतं, मध्ये ०० येऊन जात होतं. म्हणजे ‘पेन गेलं’ असं सांगून टॅबलेट पुन्हा ‘खोडरबर आला’ असं कळवत होता. नुसता ४५ चा ५ए करून भागणार नव्हतं, मधल्या त्या शून्याने रेघ तुटलीच असती.

पूर्वी अशा वेळी कर्नेल ड्रायव्हरलाच हात घालावा लागे. निकोलाय कोंद्राशोव्ह यांच्या डिजिमेंड प्रकल्पाने कित्येक टॅबलेटांचे प्रोटोकॉल उलगडले आणि कर्नेलमधला हिड-यूसीलॉजिक ड्रायव्हर त्याच कष्टांवर उभा आहे. त्या लोकांचं ऋण मोठं आहे. पण बाहेरचं मॉड्यूल म्हटलं की प्रत्येक नव्या कर्नेलला ते पुन्हा बांधा, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) असेल तर त्यावर सही करा, हे आलंच. बेंजामिन तिसुआर यांचं हिड-बीपीएफ कर्नेल ६.३ मध्ये आलं आणि ही कटकट गेली. डिस्क्रिप्टर आणि घटना दोन्ही ड्रायव्हरपर्यंत पोचण्याआधीच एका लहान प्रोग्रॅमने दुरुस्त करता येतात. ६.११ पासून आतली मांडणी बदलली आहे, म्हणून जुनी उदाहरणं तशीच्या तशी उतरवू नका.

प्रोग्रॅम लिहायला ‘यूडेव्ह-हिड-बीपीएफ’ हा प्रकल्प घ्या. क्लँग, रस्ट, मेसन आणि बीपीएफटूल एवढी तयारी लागते. आधी आपल्या कर्नेलच्या कॉन्फिगमध्ये हिड-बीपीएफ चालू आहे ना, ते बघा. कोऱ्या फाइलीपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. एक्सपी-पेन आर्टिस्ट २४ साठीची फाइल तिथे आहे, ती सावकाश वाचा. दोन्ही दुखण्यांवरचं औषध तीत आहे. पहिलं, खोडरबराचा आकडा बदलणं. दुसरं जास्त विचारपूर्वक केलेलं आहे: टोक टेकलेलं पेन आधी उचलल्याशिवाय टप्प्याबाहेर जाऊच शकत नाही. म्हणून २१ वरून थेट ०० आलं तर ते खोटं, ते पुढे जाऊ द्यायचं नाही. पेन हवेत असताना आलेलं ०० मात्र खरं असू शकतं, त्याला हात लावायचा नाही. मला हा तर्क फार आवडला, कारण तो वेळ मोजत नाही, हाताची हालचाल समजून घेतो.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. टॅबलेटच्या सगळ्या इंटरफेसचे ओळखक्रमांक सारखेच असतात. त्यामुळे प्रोग्रॅमने सुरुवातीच्या तपासणीत डिस्क्रिप्टरची लांबी बघून फक्त पेनच्या इंटरफेसलाच चिकटायला हवं. नाहीतर कीबोर्डच्या डिस्क्रिप्टरमधला भलताच बाइट बदलला जाईल. दुसरी गोष्ट, डेटा मागितल्यावर तो खरंच मिळाला का, ही तपासणी हवीच. ती नसेल तर कर्नेलचा व्हेरिफायर, म्हणजे प्रोग्रॅम आधी तपासणारा भाग, तो आत घेत नाही. हा कडकपणा आपल्याच भल्याचा आहे: प्रोग्रॅम फसला तरी यंत्र कोसळत नाही.

बांधून बसवल्यावर टॅबलेट काढून पुन्हा जोडला की झालं, यंत्र बंद-चालू करायची गरज नाही. ‘लिबइनपुट डीबग-टॅबलेट’ने खात्री करून घ्या. आमच्याकडे आता वरचं बटण दुसरं बटण म्हणून दिसतं आणि सेटिंगमध्ये त्याला काम नेमून देता येतं.

मापाचंही बघून घ्या. १६:१० टॅबलेट १६:९ पडद्यावर पूर्ण ताणला तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर अंडाकृती होतं. ‘व’ आणि ‘ब’ ची गोलाई ज्यांना सांभाळायची आहे त्यांना हे लगेच खटकेल. सेटिंगमध्ये गुणोत्तर कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा. टॅबलेट डेस्कटॉपला नीट ओळखता यावा म्हणून लिबवाकॉममध्ये (टॅबलेटांच्या माहितीच्या संग्रहात) त्याची लहानशी नोंदफाइल लागते. नावात वाकॉम असलं तरी इतर कंपन्यांचे टॅबलेटही तिथे आहेत. नोंदीत लांबी-रुंदी इंचांत लिहायची. स्वतःपुरती हवी असेल तर ती ‘ईटीसी’खालच्या लिबवाकॉम फोल्डरमध्ये ठेवा.

ज्यांना प्रोग्रॅम लिहायचाच नाही, त्यांनी आधी ओपनटॅबलेटड्रायव्हरच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते पाहावं. तो यूजरस्पेसमध्ये (कर्नेलबाहेर) चालतो आणि चांगला चालतो. मात्र दोन्ही उपाय एकदम ठेवू नका. तो अनेक ठिकाणी कर्नेलचे टॅबलेट ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करतो, म्हणजे लोड होऊ देत नाही, आणि नंतर काढून टाकला तरी ती ब्लॅकलिस्ट फाइल कधीकधी मागे राहते. टॅबलेट एकदम मुका झाला तर आधी ‘मॉडप्रोब’च्या फोल्डरमध्ये डोकवा.

शेवटचं काम टाळू नका: आपला प्रोग्रॅम आणि रेकॉर्डिंग फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर (यूडेव्ह-हिड-बीपीएफ प्रकल्प तिथेच आहे) पाठवा. नव्या खात्याला फोर्कची (प्रकल्पाची स्वतःची प्रत करण्याची) परवानगी आधी मागावी लागते. प्रोग्रॅम जमला नसेल तर नुसतं रेकॉर्डिंग जोडून इश्यू उघडा, तेही मोलाचं असतं. रेकॉर्डिंग करताना एका वेळी एकच क्रिया करा: पेन आणणं-नेणं, टोक टेकवणं, एकेक बटण हवेत, मग तेच टोक टेकवून. प्रत्येक क्रियेची वेगळी फाइल करा आणि फाइलीच्या नावातच ती क्रिया लिहा. वाचणाऱ्याच्या हातात तुमचा टॅबलेट नसतो, त्याला सगळं त्या बाइट्सवरूनच ओळखायचं असतं. नवा प्रोग्रॅम आधी ‘टेस्टिंग’ फोल्डरमध्ये जातो. आमचा तिथे पाठवला आहे. टॅबलेटच्या कडेची बटणं अजून कीबोर्डच्या कळा म्हणूनच येतात, त्यांचं रेकॉर्डिंग ताईने करून ठेवलं आहे.