डावखुरा

"नऊ महिने झाले, अजून रांगत नाही." तक्रार एवढीच. फाइलमध्ये जन्म ३३व्या आठवड्याचा, म्हणजे सात आठवडे वजा. हिशेबाचं वय साडेसात महिन्यांच्या आतच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं असतं. डिस्चार्जच्या वेळी हे धड कुणी सांगत नाही आणि घरचे धास्तावून बसतात. त्यातून रांगणं हा ताण घेण्याजोगा टप्पाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या अभ्यासात तो साधारण सव्वापाच ते साडेतेरा महिने इतका पसरलाय, आणि शंभरात चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती.

हे ऐकून आई जरा सैलावली. बाळाबद्दल अजून काय सांगाल, विचारलं तर म्हणाली, "डावखुरा आहे, आजोबांसारखा." मी हसून लिहून घेतलं.

बाळ बसवलं की बसत होतं, पण स्वतःहून उठून बसत नव्हतं. उशांच्या तटबंदीत बसवलेल्या मुलांचं असंच होतं. बसण्याची युक्ती बसण्यात नसते, कुशीवरून उठण्यात असते. बाळाला कुशीवर घ्यायचं, वरच्या खुब्यावर तळहात ठेवून पायांच्या दिशेने हळूच दाब द्यायचा आणि थांबायचं. ते खालच्या कोपरावर भार घेऊन स्वतः वर येतं. हाताला धरून ओढायचं नाही. ओढलं की काम तुमचं होतं.

वॉकर दिवसाचे दोन तास, हे ओघात कळलं. वॉकरने मूल लवकर चालत नाही, चवड्यांवर ढकलायला मात्र शिकतं. कॅनडाने २००४ साली त्याच्यावर बंदी घातली. इथे मात्र मी रोज तेच घसा कोरडा करून सांगते.

मग पालथं. छातीखाली टॉवेलची गुंडाळी, कोपरं खांद्यांच्या किंचित पुढे. पोट भरलेलं असताना नाही. तीन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. खेळणं नाकासमोर ठेवलं तर बाळ नुसतं बघत राहतं. जरा बाजूला, हात लांबवावा लागेल असं ठेवलं की भार एका कोपरावर जातो आणि दुसरा हात सुटतो. हा भारबदल म्हणजेच रांगण्याची तयारी.

खेळणं डावीकडे ठेवलं, डावा हात गेला. उजवीकडे ठेवलं, तरी डावाच हात अंगावरून पलीकडे गेला. उजव्या कोपरावर भार येताच खांदा खचला. अंगठा मुठीत.

उताणं घेतलं, चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला. क्षणात डाव्या हाताने ओढला. डावा हात हलकेच धरून पुन्हा टाकला. मान इकडून तिकडे हलली, पाय झाडले. उजवा हात मात्र चटईवरून उचललाच नाही. साडेसात महिन्यांचं बाळ दोन्हीपैकी कुठल्याही हाताने रुमाल काढतं. एका हाताचा ठाम कल वर्षाच्या आत दिसला तर दुसऱ्या हातात काय अडलंय ते बघायचं असतं.

त्याच दिवशी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. निदानासाठी थांबायचं नसतं, म्हणून घरचा व्यायामही लगेच: दोन्ही हात लागतील एवढा चेंडू, खेळणं कायम उजवीकडून, पालथं असताना उजव्या कोपरावर भार. डावा हात घरच्या घरी बांधून ठेवायचा नाही, हे दोनदा बजावलं.

संध्याकाळी नोंदी पुऱ्या करताना कागद वरपासून वाचला. तिसऱ्या ओळीत, माझ्याच अक्षरात: 'डावखुरा'. पुढे छोटी बरोबरची खूण.