माशाच्या चित्रामागे

ज्या पाळणाघराविषयी लिहितो आहे, तिथे दोन वर्षे दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मीच झुरळांच्या औषधाची फवारणी करत असे. मुले घरी गेलेली असत, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असत आणि पाठीवर पंप घेऊन मी स्वयंपाकघरापासून सुरुवात करून भिंतींच्या कडेकडेने सगळ्या खोल्या फिरून येत असे. पाऊण तासात काम उरकायचे, वहीवर सही व्हायची आणि पुढच्या महिन्यापर्यंत माझा त्या जागेशी संबंध संपायचा.

मग तक्रार आली. स्वयंपाकघरातली झुरळे कमी झाली होती, पण मुले दुपारी झोपतात त्या खोलीत ती दिवसाढवळ्या दिसू लागली होती. महिन्यातून दोनदा फवारा, असे संचालिकाबाईंनी सांगितले. त्याच सुमारास मी शाळांमधील कीडनियंत्रणाचे प्रशिक्षण घेऊन आलो होतो. आपण फवारतो त्या खोलीत मुले दिवसभर काय करतात हे कधी पाहिले आहे का, असे तिथल्या प्रशिक्षकांनी विचारले होते आणि मला उत्तर देता आले नव्हते. म्हणून मी बाईंकडे एक आठवडा फवारणीशिवाय मागितला आणि शुक्रवारची सकाळ, मुले असतानाची, मागून घेतली. त्या नाखुशीनेच तयार झाल्या.

सोमवारी संध्याकाळी मी २२ चिकट सापळे लावले. या पुठ्ठ्याच्या घडीत विष नसते, फक्त गोंद असतो. पण तो मुलांच्या बोटांना लागू नये म्हणून सापळे कपाटांच्या मागे, सिंकखाली आणि फर्निचरच्या तळाशी सरकवले आणि प्रत्येकाचा क्रमांक खोलीच्या नकाशावर टिपला. शुक्रवारी मोजले, तर स्वयंपाकघरातल्या नऊ सापळ्यांत मिळून तीन झुरळे होती आणि झोपण्याच्या खोलीतल्या एकाच सापळ्यात ४१. त्यांतली बहुतेक पिल्ले होती. ही जर्मन झुरळे, म्हणजे स्वयंपाकघरात आढळणारी लहान जात होती; त्यांची पिल्ले लपण्याच्या जागेपासून फार लांब जात नाहीत, त्यामुळे पिल्लांनी भरलेला सापळा म्हणजे वस्ती हाताच्या अंतरावर आहे असे समजायचे. मी टॉर्च घेऊन तासभर शोधले. कपाटाचे सांधे, बिजागऱ्या, स्विचबोर्डाची चौकट, सगळीकडे पाहिले. काही सापडले नाही.

शोधताना खोली मात्र पहिल्यांदाच खालून दिसली. गाद्या भिंतीला चिकटून घातलेल्या होत्या. जेमतेम वर्षाची एक मुलगी भिंतीच्या तळपट्टीला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती, पडत होती आणि मधूनमधून तीच बोटे चोखत होती. माझ्या पंपाचे तोंड दर महिन्याला बरोबर त्याच तळपट्टीवरून फिरत होते. घराबाहेर औषध ऊन-पावसाने विरते. बंद खोलीत ते धुळीला धरून कितीतरी दिवस टिकते आणि धूळ जमिनीलगतच साठते. शिवाय लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते. हे सारे प्रशिक्षणात ऐकले होते आणि परीक्षेत लिहिलेही होते. तिथे गुडघ्यांवर बसून पाहताना मात्र मला पंपाचा हात आठवत राहिला.

जवळच चार-साडेचार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे बराच वेळ पाहत बसला होता. त्याने विचारले, "काका, झुरळांचं घर शोधताय का?" मी हो म्हटले. "ती माझ्या माशामागे राहतात. मी झोपत नाही ना, मला दिसतात."

त्याचा मासा सॉफ्ट बोर्डावर होता. त्या बोर्डावर मुलांची चित्रे एकावर एक थराथराने चिकटवलेली होती, तीही मैद्याची खळ लावून. कारण टाचण्या लहान मुलांच्या खोलीत नकोत, असे कोणीतरी शहाणपणाने ठरवले होते. मुले अंगणात गेल्यावर मी बोर्डाचे खालचे दोन स्क्रू काढून तो किंचित पुढे ओढला. मागची भिंत तपकिरी ठिपक्यांनी माखलेली होती, आणि उजेड पडताच ती भिंतच हलल्यासारखी झाली. भिंतीला हात लावला तर ऊब लागली, कारण पलीकडे स्वयंपाकघरातल्या फ्रिजची पाठ होती. बोर्डाच्या कडेला हात धुण्याच्या बेसिनचा पाइप भिंतीतून आला होता आणि त्याच्याभोवती बोटभर रुंद भोक उघडेच होते. ऊब होती, पाणी होते, खायला खळ होती आणि अंगाला दोन्ही बाजूंनी टेकेल इतकी अरुंद फटही होती. झुरळाला एवढेच लागते.

त्यांना तिथे धाडले होते मीच. मी वापरत असलेले पायरेथ्रॉइड गटातले औषध झुरळांना नकोसे वाटते. जी त्यातून वाचतात ती फवारलेल्या जागेपासून दूर सरकतात. स्वयंपाकघरात मी जितका जोर लावला, तितकी ती पाइपच्या भोकातून अलीकडे येत राहिली असणार. त्यात मादी ३० ते ४० अंड्यांची पेटी पोटाशी धरून हिंडते आणि पेटीतल्या अंड्यांपर्यंत औषध पोहोचत नाही, त्यामुळे मधले तीन-चार आठवडे नव्या पिढीला मोकळेच मिळत होते. दोन वर्षे मी हे काम करत होतो, आणि त्याचे पैसेही घेत होतो.

संचालिकाबाईंना बोर्डामागचे दृश्य दाखवले, तेव्हा त्या दोन पावले मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता फवारा." मी नाही म्हटले. त्या खरोखर चिडल्या. "पालकांना काय सांगू? भिंतीत झुरळं आहेत आणि माणसाने पंप काढलाच नाही?" त्यांचे चुकत होते असे मला आजही वाटत नाही, कारण फवारणीचा वास हाच काम झाल्याचा पुरावा असतो हे लोकांना आम्हीच शिकवले आहे. अखेर त्यांच्याच कार्यालयात बसून आम्ही पालकांसाठी सूचना लिहिली: काय सापडले, कुठे सापडले, काय करणार आणि काय करणार नाही. त्या मुलांतल्या एकाच्या दप्तरात दम्याचा पंप असे, ही गोष्ट बाईंनी मला तेव्हा सांगितली. झुरळांची विष्ठा आणि कातीचा चुरा दमा उसळवू शकतो आणि फवाराही, त्यामुळे झुरळे राहू देणे हा मार्ग नव्हताच.

त्या संध्याकाळी बोर्ड उतरवून बाहेर नेला. अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने जिवंत झुरळे, पेट्या आणि चुरा ओढून घेतला; झाडूने झाडले असते, तर तीच धूळ हवेत गेली असती. भिंती आणि तळपट्ट्या साबणाच्या पाण्याने पुसल्या, कारण जुन्या औषधाचा अंश राहिला तर झुरळे आमिषाच्या जेलजवळ, म्हणजे त्यांना खायला लावायच्या विषारी लेपाजवळ, फिरकत नाहीत. पाइपभोवतीचे भोक जाळी आणि सीलंटने बुजवले. जेलचे बारीक ठिपके फक्त फ्रिजमागे आणि कुलपाच्या कपाटांच्या बिजागऱ्यांत, मुलांचा हात पोहोचणार नाही तिथेच लावले. ते खाल्लेले झुरळ लपण्याच्या जागी जाऊन मरते आणि त्याची विष्ठा व कलेवर खाऊन इतरही मरतात. मावशींच्या कपाटात स्प्रेचा एक डबा आणि चिठ्ठी नसलेली औषधाची एक बाटली निघाली. त्या दोन्ही आधी बाहेर काढल्या.

दोन आठवड्यांनी सगळ्या सापळ्यांत मिळून १९ झुरळे होती, सहा आठवड्यांनी चार. सातव्या आठवड्यात आकडा पुन्हा ११ वर गेला. आठवडाभर डोके खाजवल्यावर कळले, की टिश्यूच्या डब्यांची पुठ्ठ्याची खोकी कोठीत तशीच रचून ठेवली जात होती आणि झुरळे त्यांच्या नळीदार थरांतून आत येत होती. तेव्हापासून खोकी दाराबाहेरच रिकामी होतात. चित्रे आता दोरीवर चिमट्यांनी लटकतात, मासाही.

कीड दिसली की नोंदवायला मी कोठीच्या दारामागे एक वही टांगली होती. पुढच्या भेटीत ती उघडली. मावशींच्या अक्षरातली पहिली नोंद झुरळाची नव्हती. बेसिनखाली पाणी ठिबकते आहे, प्लंबरला सांगितले आहे, असे तिथे लिहिले होते.