गाळाच्या मागावर: गोमुख ते हरिद्वार

गंगेच्या उगमाचे पाणी स्फटिकासारखे नितळ असणार, अशी समजूत घेऊन गोमुखाला जाणाऱ्याचा तिथे पोचताच विरस होतो. गंगोत्री हिमनदीच्या फुटक्या, करड्या तोंडातून भागीरथी बाहेर पडते ती गढूळच. बर्फही शुभ्र नसतो. त्यावर दगडमातीचा जाड थर साचलेला असतो आणि मधूनच एखादी ताजी कपार तेवढी निळसर चमकते. सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही हिमनदी उतरताना तळाचा खडक खरवडत, भरडत येते आणि त्यातून निघालेले पिठासारखे बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहते. भोजबासाजवळ मी एका बाटलीत नदीचे पाणी भरून रात्रभर स्थिर ठेवले. सकाळी तळाशी करडा थर बसला होता, तरी वरचे पाणी धुरकटच होते. पुढे नदीकाठाने उतरताना मी देवळांइतकेच लक्ष या गाळाकडे दिले.

गोमुखापासून १८ किलोमीटरवरच्या गंगोत्रीत, मंदिराच्या थोडे खाली, नदी ग्रॅनाइटच्या अरुंद घळीत उडी घेते. पाण्याने आणि त्यातल्या वाळूने मिळून तो कठीण दगड इतका घोटला आहे, की काठाच्या खडकावरून हात फिरवला तर कुठेही धार लागत नाही. भैरोंघाटीला जाडगंगा येऊन मिळते, पण दरी इतकी खोल आहे की पुलावरून नदीपेक्षा कड्यांकडेच नजर जाते.

हर्षिलजवळ मात्र दरी अचानक रुंदावते. उतार कमी झाल्याने पाण्याचा जोर ओसरतो, वाहून आणलेले गोटे आणि रेती तिथेच पडते आणि नदी त्या पसाऱ्यातून चार-पाच फाटे काढत वाट शोधते. हे ओझे सगळे हिमनदीचेच असते असे नाही. बाजूच्या उभ्या ओढ्यांचा त्यात मोठा वाटा असतो. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीरगंगेतून आलेल्या दगडमातीच्या लोंढ्याने जवळच्याच धरालीचा मोठा भाग गाडला. ओढ्याच्या तोंडाशी असलेली सपाट जमीन पूर्वीच्या अशाच लोंढ्यांनी तयार झालेली असते, हे धराली पाहिल्यावर कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. घर बांधायला सोयीची तेवढीच जागा असल्यामुळे लोक तिथेच राहतात.

सुक्खीनंतर पुन्हा तीव्र उतार लागतो आणि गंगनानीला गरम पाण्याचे झरे भेटतात. मनेरीच्या पुढे नदीचे पात्र मला ओकेबोके वाटले. तिथल्या बंधाऱ्यापाशी नदीचे बरेचसे पाणी बोगद्यात वळवले जाते आणि उत्तरकाशीजवळच्या वीजगृहातून परत सोडले जाते. उत्तरकाशीच्या जोशियाडा बंधाऱ्यापासून धरासूपर्यंत हाच प्रकार पुन्हा होतो. रस्त्यावरून दिसणाऱ्या मोठमोठ्या धोंड्यांमधून तेवढ्या टप्प्यात जे वाहते, त्याला नदी म्हणायला जीभ रेटत नाही.

चिन्यालीसौडपासून टिहरीचा जलाशय सुरू होतो. भिलंगणा नदीच्या संगमावरचे जुने टिहरी शहर २००५ साली या पाण्याखाली गेले. धरणाची भिंत २६०.५ मीटर उंच असून ते भारतातील सर्वात उंच धरण आहे. पावसाळा संपता संपता मी पोचलो, तेव्हा जलाशय तुडुंब होता, पाणी हिरवे आणि निश्चल. गोमुखापासून धावत आलेल्या गाळाची पळापळ इथे संपते: प्रवाह थांबला की आधी रेती बसते, मग माती, आणि धरणातून खाली सुटते ते बरेच निवळलेले पाणी.

त्याचा पुरावा देवप्रयागला डोळ्यांनी दिसतो. संगमाच्या घाटावर उभे राहिले की एकीकडून हिरवट भागीरथी आणि दुसरीकडून मातकट अलकनंदा येते आणि दोन्ही रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. यात्रेकरू याला नद्यांचा स्वभाव समजतात, छायाचित्रेही त्याच भावनेने काढली जातात. माझ्या मते मात्र आजच्या या रंगभेदाचे बरेचसे श्रेय वरच्या धरणांना द्यायला हवे. इथे खळाळत्या भागीरथीला सासू आणि शांत अलकनंदेला सून म्हणण्याची पद्धत आहे. आता सासूने कधी बोलायचे, हे धरणाचे दरवाजे ठरवतात.

संगमापासून पुढे दोन्ही मिळून गंगा होतात आणि ती ऋषिकेशला डोंगराबाहेर येते. वर घराएवढे धोंडे होते, तिथे इथे हातात मावणारे गुळगुळीत गोटे आहेत. हरिद्वारला, सुमारे ३०० मीटर उंचीवर, तिचे मोठे पाणी कालव्यात वळते. प्रोबी कॉटली या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधलेला हा कालवा १८५४ साली सुरू झाला. दसरा ते दिवाळी या काळात तो दरवर्षी साफसफाईसाठी बंद ठेवतात. मी गेलो तेव्हा नेमके तेच दिवस होते. हर की पौडीसमोर पाणी घोट्याएवढे उरले होते, अर्पण केलेली नाणी शोधणारे लोक तळातली रेती चाळत होते आणि थोड्या अंतरावर मजूर फावड्यांनी साचलेला गाळ उपसून काठावर टाकत होते.