पेल्यातलं पाणी

घोडामैदान जवळच आहे, असं आपण परीक्षेच्या तोंडावर म्हणतो. खान्देशात ते खरंच जवळ आहे: शहादा तालुक्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिला लागून घोडेबाजार. परंपरा तीनशे वर्षांपलीकडची सांगतात.

मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ चं. तिथल्या २४०० मीटरच्या डर्बी शर्यतीत प्रश्न एकच, आधी कोण पोहोचलं? सारंगखेड्याच्या धावपट्टीवर वेगाचं कौतुक आहेच, पण गिऱ्हाईक आधी म्हणतं, "भाऊ, चाल दखाड."

चाल म्हणजे रेवाल. एका बाजूचे पुढचा-मागचा पाय जोडीनं, पण किंचित मागेपुढे पडतात. टापांचे ठोके चार, सुटे. दुडकीत स्वार खोगिरावर आदळतो. रेवालमध्ये हातातल्या भरल्या पेल्यातलं पाणी सांडत नाही. म्हणून डोळे मिटून ऐकावं. ठोके दोनावर आले की चाल मोडली. बहुतेकदा दोष स्वाराचा असतो. लगाम खेचून धरला, की घोडं पाठ ताठ करतं आणि दुडकीवर येतं.

पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्यापुढे गर्दी जमते, कान आत वळून टोकं भिडलेल्या मारवाडी घोड्यापुढेही. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, आहे का, देवमण हा शुभ मानलेला केसांचा भोवरा कुठे आहे, यावरून किंमत चढते. भोवऱ्यानं घोडं पळत नाही, पण बाजारात हे बोलू नये.

बघायचं ते पाय. पट्टीच्या टोकाला, वळणावर उभं राहावं. पुढचा दुखरा पाय टेकताना मान वर उचलली जाते, चांगला पाय टेकताना खाली येते. भुसभुशीत मातीत खुराचं दुखणं लपतं, म्हणून कडक जमिनीवर पुन्हा दुडकीनं चालवून घ्यावं. मग खुरावर तळहात ठेवावा. चारांतला एकच गरम लागला, तर घासाघीस तिथेच थांबवावी. वय दातांवरून कळतं: अडीच वर्षांला मधली जोडी बदलते, साडेतीनला शेजारची, साडेचारला कडेची. पाचाला तोंड पुरं. त्यापुढे अंदाज आणि विक्रेत्याची जीभ.

सौदा झाल्यावर खरा घोळ होतो तो चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्यात. नवा मालक हौसेनं भिजवलेला हरभरा पाटीभर पुढे करतो. घोड्याला ओकता येत नाही. एकदम वाढलेल्या दाण्यानं पोटशूळ उठतो, घोडं पोटाकडे वळून बघतं, जमीन उकरतं, लोळतं. दाणा आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवायचा असतो. तोवर कडबा, गवत आणि दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी, डिसेंबरच्या थंडीत जरासं कोमट.